तार अर्ध्या कापात थंड पडते: घरगुती फोम कटरच्या बॅटरीचा दोष कसा शोधावा

"बाई, तार परत थंड पडली!"

दर रविवारी हे वाक्य मला किमान एकदा तरी ऐकू येतंच. मी शाळेतल्या मुलांना विमानांची मॉडेल करायला शिकवते आणि पंखाचा गाभा कापायला आम्ही घरीच बनवलेला, बॅटरीवर चालणारा गरम तारेचा कटर वापरतो. सुरुवात झकास होते. तार फोममधून सरसर जाते, कडा आरशासारखी गुळगुळीत येते. तीन-चार मिनिटांनी ती अडखळायला लागते, फोमला चिकटते, कापणारा जोर लावतो, तारेमागे चिकट दोरे सुटतात आणि पंखाच्या बरोबर मध्यावर खड्डा पडतो. तासभर खपून आखलेला पंख वाया जातो. बॅटरीला मीटर (मल्टीमीटर) लावावा तर ८.१ व्होल्ट! म्हणजे जवळजवळ भरलेली. मग तार थंड का?

हा दोष मी इतक्या वेळा शोधला आहे, आणि इतक्या पालकांना फोनवर समजावला आहे, की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं. नवीन सेल विकत आणण्याआधी हे वाचा. निम्म्या वेळा सेल बदलायची गरजच नसते.

आधी आमचा कटर कसा आहे ते सांगते, म्हणजे आकडे कळतील. लाकडी धनुष्य, त्याच्या दोन टोकांमध्ये ३० सेंटिमीटर नायक्रोमची तार, जाडी ०.४ मिलिमीटर. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. जुन्या इस्त्रीत आणि शेगडीच्या कॉइलमध्ये असतो तोच. पुण्यात तपकीर गल्लीत तार मीटरवर मिळते. गावात नाही मिळाली तर शेगडीची कॉइल सरळ करूनही काम होतं, फक्त जाडी मोजून घ्या. या जाडीच्या तारेचा रोध एका मीटरला साधारण ८.७ ओहम, म्हणजे आमच्या ३० सेंटिमीटरला २.६ ओहम. बॅटरी म्हणून दोन १८६५० लिथियम सेल, एकामागे एक जोडलेले. (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल आकाराचं, म्हणून १८६५०.) एक सेल ३.७ व्होल्ट धरला तर दोनांचे ७.४. ७.४ भागिले २.६ म्हणजे २.८ अँपिअर, आणि गुणले की २१ वॅट. सेंटिमीटरला ०.७ वॅट. फोम कापायला एवढी उष्णता छान पुरते.

फोम म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं पॅकिंग आणि एक्सपीएसचे, म्हणजे घट्ट पॉलिस्टायरिन फोमचे, निळे-गुलाबी बोर्ड. मखरासाठी थर्माकोल महाराष्ट्रात २०१८ पासून बंदच आहे, त्यामुळे त्या कामाबद्दल मी बोलत नाही. सनबोर्ड मात्र या तारेने कधीही कापू नका. तो दिसायला फोमसारखा असला तरी पीव्हीसीचा असतो आणि तापला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सोडतो. पॉलिस्टायरिनचा धूरही चांगला नाहीच. खिडक्या उघड्या आणि पंखा पाठीमागून, हा आमच्याकडे पहिला नियम.

आता मूळ गोष्ट. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. पूर्ण भरलेले दोन सेल ८.४ व्होल्ट देतात, तेव्हा तारेत २७ वॅट जातात. तेच सेल ६.४ वर आले की उरतात पावणेसोळा. व्होल्टेज जेमतेम चोवीस टक्के उतरला, पण उष्णता बेचाळीस टक्के गेली! म्हणून बॅटरी "थोडीशीच" उतरलेली असते आणि तार मात्र एकदम मंद वाटते. हा दोष नाही, हा हिशोब आहे. बॅटरी भरल्यापासून अर्धा तास सलग कापून झाल्यावर तार हळूहळू मंदावत असेल तर काहीही शोधू नका, चार्ज करा. २००० एमएएच (सेलच्या साठ्याचं माप) असलेला खरा सेल या कटरला पाऊण तासही पुरत नाही.

दोष तेव्हा समजायचा, जेव्हा चार्ज करून आणलेली बॅटरी दोन-चार मिनिटांत दम टाकते.

अशा वेळी सगळे जण एकच चूक करतात. कटर बंद करतात, सेल काढतात आणि मीटर लावतात. मोकळ्या सेलवर मीटर लावणं म्हणजे रिकाम्या बैलगाडीला जुंपून बैलाची ताकद बघण्यासारखं आहे. मीटर सेलमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे अगदी थकलेला सेलसुद्धा त्याला ४.०५ दाखवतो. व्होल्टेज लोडवर मोजायचा. तार चालू असताना, गरम असताना. आणि एकाच जागी मोजून थांबायचं नाही. सेलपासून तारेपर्यंत एकेक टप्पा मोजत जायचं.

मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीचा कटर आला होता, त्याचे आकडे माझ्या वहीत आहेत. ते जसेच्या तसे देते, कारण पद्धत त्यातूनच कळेल.

बंद असताना दोन सेल मिळून ८.१ व्होल्ट. कटर चालू केला आणि मीटरचे प्रोब थेट सेलच्या टोकांवर, होल्डरच्या (सेल बसवायच्या खोबणीच्या) पट्टीवर नव्हे, सेलच्याच धातूवर टेकवले. ७.४. म्हणजे सेलच्या आत ०.७ व्होल्ट गेले. जुन्या सेलला हे चालतं. मग प्रोब तारेच्या दोन टोकांवर, स्क्रूवर नव्हे, थेट नायक्रोमवर. ५.५! सेलमधून ७.४ निघाले आणि तारेला ५.५ पोचले. मधल्या वाटेत १.९ व्होल्ट कुठेतरी सांडले. ५.५ व्होल्टला तारेत पावणेबारा वॅटच्या आसपास. अपेक्षेच्या जेमतेम अर्धी उष्णता. तार थंड पडणारच.

सांडले कुठे ते शोधायला मीटर दोनशे मिलिव्होल्ट किंवा दोन व्होल्टच्या रेंजवर घ्यायचा आणि प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे प्रोब ठेवायचा. चांगल्या जोडावर दहा-वीस मिलिव्होल्ट दिसतात. इथे काय दिसलं? होल्डरच्या सगळ्या स्प्रिंगा मिळून ०.७ व्होल्ट. चालू-बंदच्या सरकत्या बटणावर ०.८ व्होल्ट. बाकीचे ०.४ बारीक वायरीत.

बटणाचा हिशोब करून बघा. २.१ अँपिअर गुणिले ०.८ म्हणजे पावणेदोन वॅट, करंगळीच्या नखाएवढ्या डबीत. मी बटण सोडवलं तर त्याचं काळं प्लास्टिक एका बाजूने मऊ होऊन पिनेवर ओघळलं होतं आणि आतली पितळी पट्टी निळसर-जांभळी झाली होती. ही छोटी सरकती बटणं अर्ध्या अँपिअरसाठी केलेली असतात. रेडिओला ठीक, तारेला नाही. तिथे ६ अँपिअरचं रॉकर स्विच लावलं. दाबून धरायचं बटण असेल तर आणखी चांगलं, हात सुटला की तार बंद.

होल्डर हा मात्र खरा छुपा चोर. काळ्या प्लास्टिकचे स्वस्त होल्डर येतात, त्यांची स्प्रिंग पातळ लोखंडी असते. करंट त्या स्प्रिंगच्या सगळ्या वेटोळ्यांतून फिरून जातो. स्प्रिंग तापते. तापलेली स्प्रिंग आपला ताण सोडते. ताण सुटला की सेलवर तिचा दाब कमी होतो, स्पर्श ढिला पडतो, रोध वाढतो आणि ती आणखी तापते. "आधी चांगला चालायचा हो, आता दर आठवड्याला बिघडतो" या तक्रारीचं मूळ इथे आहे. सेल बदलले की टोकं नवी-स्वच्छ असल्यामुळे दोन दिवस बरं वाटतं, आणि पालकांना वाटतं की जुने सेलच वाईट होते. मग पुन्हा तेच. पैसे सेलवर जातात आणि चोर होल्डरमध्ये मजेत बसून असतो.

उपाय दोन. एक, जाड पितळी किंवा निकेल मुलामा दिलेल्या पट्टीचे होल्डर घ्या, स्प्रिंगचे नकोत. दोन, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड करून घ्या. ई-रिक्षा आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मशीन आता तालुक्याच्या गावीही असतं, पाच मिनिटांचं काम आहे. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. सोल्डरची उष्णता आतल्या सीलला आणि विभाजक पडद्याला इजा करते, आणि ही इजा बाहेरून दिसत नाही.

वायरीबद्दल थोडक्यात. ७/३६ ची वायर (३६ गेजच्या सात तारांची), म्हणजे आपल्याकडे सगळ्या खेळण्यांत असते ती, मीटरला साधारण ०.०८ ओहम. बॅटरी कमरेला आणि धनुष्य हातात असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर वायर होते. १४/३६ किंवा २३/३६ घ्या, विषय संपला. रंगीत क्रोकोडाइल क्लिपांच्या तयार वायरी तर मुळीच नकोत. रबरी टोपी मागे सरकवून बघा: आत चार-पाच केसांएवढ्या तारा नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, सोल्डरचा थेंब नसतो.

तारेच्या टोकाचा जोडही तपासा. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून मुलं ती स्क्रूला गुंडाळतात. ती तापली की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर येतो. तारेचं आयुष्य त्या थरामुळेच वाढतं, पण स्क्रूखाली तोच थर करंट अडवतो. महिन्यातून एकदा टोकाचे दोन सेंटिमीटर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि दोन वॉशरांच्या मध्ये घट्ट आवळा.

मीटर घरी नसेल तर बोटं आहेतच. कटर दोन मिनिटं चालवा, बंद करा, सेल काढा आणि लगेच प्रत्येक जोडाला हात लावून बघा. तारेशिवाय दुसरं काहीही गरम लागता कामा नये. जिथे चटका बसेल तिथे तुमचे व्होल्ट गेले.

त्या मुलीच्या कटरवर होल्डर, बटण आणि वायर बदलल्यावर, सेल तेच ठेवून, तारेवर ६.८ व्होल्ट आले. १८ वॅट. तिने त्याच दिवशी दोन्ही पंख कापले.

मीटरबाबत एक ताकीद, आणि ही मी मुलांकडून वदवून घेते. करंट मोजण्यासाठी लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घातलेला असेल आणि तो तसाच ठेवून कुणी व्होल्टेज मोजायला सेलवर टेकवला, तर तो सरळ शॉर्ट सर्किट आहे. लिथियम सेल अशा वेळी दया दाखवत नाही. आमच्याकडे करंट मोजत नाहीतच. तारेवरचे व्होल्ट भागिले २.६, झाला करंट.

जोडणी स्वच्छ निघाली आणि तरीही सेलच्या टोकांवरच व्होल्टेज बसत असेल, तर मग सेल. दोघांना वेगवेगळं मोजा, लोडवरच. एक ३.८ आणि दुसरा ३.१ दाखवत असेल तर दुसरा मेलेला आहे आणि पहिल्यालाही सोबत घेऊन जाणार आहे. मालिकेत जोडलेल्या जोडीत कमजोर सेल आधी रिता होतो, पण चांगला सेल त्याच्यातून करंट ढकलतच राहतो. नव्या सेलचा अंतर्गत रोध साधारण ०.०३ ते ०.०६ ओहम असतो. काढायचा कसा? लोड नसतानाचा व्होल्टेज वजा लोडवरचा, भागिले करंट. ०.२ च्या वर गेलेला सेल एलईडी टॉर्चला द्या, तारेला नको. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल मी स्वतः वापरते, त्यात गैर काही नाही, पण जोडी एकाच बॅटरीतली, एकाच रंगाची आणि मोजून जुळवलेली हवी. २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल "झटका देऊन" जागा करायच्या भानगडीत पडू नका. इतक्या खाली आतलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगमध्ये ते सुईसारखं वाढून आतल्या आत शॉर्ट करू शकतं.

नवे म्हणून आणलेले सेलही फसवतात. मी एकदा बाजारातून चार सेल आणले, प्रत्येकावर ९८०० एमएएच छापलेलं. चांगल्या कंपनीचा १८६५० सेल बहुधा ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो, ९८०० हा आकडा छापील खोटेपणा आहे. तेव्हा मला हे माहीत असूनही, दुकानदाराच्या शब्दावर मी पैसे मोजले. घरी येऊन सोन्या-चांदीच्या छोट्या काट्यावर एक ठेवला: ३१ ग्रॅम. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मुलांच्या वर्गणीतले पैसे होते ते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून काटा पर्समध्ये असतो आणि दुकानातच वजन करते. कुणी हरकत घेतली तर तिथून घेत नाही.

सेलवरचं प्लास्टिक आवरण फाटलेलं असेल तर तो वापरू नका. अधिक टोकाच्या बटणाभोवतीची गोल कडा ऋण असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वरून आवरण सोललं आणि होल्डरची पट्टी त्या कडेला टेकली की शॉर्ट. निळी-हिरवी आवरणं आणि कागदी वॉशर दोन-दोन रुपयांना मिळतात, चढवून घ्या. आणि टाकायचे सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत नाही. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा असा एक सेल पुरतो आग लागायला, आणि तिथे माणसं उभी असतात.

आता दुसऱ्या जातीचा दोष. तार मंद होत नाही, तर फटकन बंद पडते. बटण सोडून परत दाबलं की क्षणभर चालते, परत बंद. हे बॅटरीला जोडलेल्या संरक्षण बोर्डाचं काम आहे, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात. तो तुमचा शत्रू नाही. तो दोन कारणांनी तोडतो. एखादा सेल त्याच्या मर्यादेखाली, म्हणजे बोर्डानुसार अडीच ते तीन व्होल्टच्या आसपास, गेला तर. किंवा करंट जास्त झाला तर. पहिल्यात लोड सुटला की सेलचा व्होल्टेज थोडा वर येतो, म्हणून तार क्षणभर परत पेटते. काही बोर्ड चार्जर जोडल्याशिवाय उठतच नाहीत. लोडवर एकेक सेल मोजला की कारण समजतं.

करंट जास्त होण्याचं कारण बहुतेक वेळा तार असते. तार तुटते. मुलं टोक सोडवून उरलेली तार पुन्हा ताणतात, धनुष्य थोडं वाकवतात. तीसची पंचवीस, पंचवीसची वीस होते. वीस सेंटिमीटरला रोध १.७ ओहम, करंट ४.३ अँपिअर. तार लालभडक होते, मुलांना आनंद होतो, "बाई बघा कशी पेटली!" पण लाल तार फोम कापत नाही, जाळते. कापाची फट रुंद होते, धूर दुप्पट होतो आणि सेल लवकर बसतो. तार काळीच दिसली पाहिजे. तुटली तर पूर्ण नवी लावा, तार स्वस्त आहे.

एका मुलाने हुशारीने गिटारची तार लावली होती, कारण ती तुटत नाही. पोलादाचा रोध नायक्रोमच्या पाच-सहापट कमी असतो. तेवढ्याच लांबीला अर्धा ओहमही भरत नाही. त्यात पोलाद थंड असताना रोध आणखी कमी आणि तापल्यावर बराच जास्त. म्हणजे बटण दाबल्याच्या क्षणी सर्वांत मोठा झटका. बोर्ड बिचारा दर वेळी तोडत होता आणि मुलाच्या वडिलांनी "बोर्ड खराब आहे" म्हणून तो काढून सेल थेट जोडले. नशीब माझ्याकडे आणण्याआधी चालवला नाही. बोर्ड तोडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. तो काढू नका, आणि बॅटरीच्या अगदी जवळ, अधिक वायरीत, गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये मिळतो तसा ५ अँपिअरचा फ्यूजही लावा.

उष्णता कमी-जास्त करायला काही जण मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याची 'गेट' नावाची पिन तो उघडते) लावून रेग्युलेटर करतात. तिथे तार मंद आणि मॉसफेट चटके देणारा असेल तर नंबर वाचा. आयआरएफझेड४४एन असेल तर त्याच्या गेटला पूर्ण उघडायला दहा व्होल्टच्या आसपास लागतात; अर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) पाच किंवा ३.३ व्होल्टला तो अर्धवट उघडतो आणि रोधासारखा तापतो. आयआरएलझेड४४एन घ्या, एका अक्षराचा फरक, पण तो कमी व्होल्टेजला उघडणारा आहे. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही, तो एसीचा.

चार्जिंगचा घोळ मला सर्वांत जास्त घाबरवतो, म्हणून जरा सविस्तर. टीपी४०५६ नावाचा छोटा निळा चार्जर बोर्ड सगळ्यांकडे असतो. तो एका सेलचा आहे, ४.२ व्होल्टला थांबणारा. दोन सेल मालिकेत असताना तो दोन्ही टोकांना लावला तर काहीच चार्ज होत नाही, आणि मुलं म्हणतात रात्रभर लावून ठेवला तरी बॅटरी रिकामी. सोपा मार्ग म्हणजे सेल काढून वेगवेगळे चार्ज करायचे. स्पॉट वेल्ड केलेली जोडी असेल तर ८.४ व्होल्टचा, लिथियमचाच चार्जर हवा, आणि बीएमएस बॅलन्स करणारा, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरणारा, हवा, नाहीतर दोघांमधला फरक दर चार्जिंगला वाढत जातो. हाच तो "दर आठवड्याला" येणारा दोष, दुसऱ्या वेषात. बीएमएस म्हणजे चार्जर नव्हे. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर "पिन बसली" म्हणून लावणाऱ्या एका पालकांना मी फोनवरच ओरडले होते, आणि नंतर माफी मागितली. पण तेव्हा ओरडणंच योग्य होतं. बोर्डाने तोडलं नसतं तर सेल तापून फुटले असते.

चार्जिंग माणूस जागा असताना, फरशीवर किंवा पत्र्याच्या ताटात, गादीवर आणि उशीखाली कधीच नाही. सेलचं तापमान ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करायचं नसतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी हा आकडा न चार्ज करताच येतो. तिकडच्या मुलांनी पहाटे चार्ज करा. आणि कापून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास जाऊ द्या.

नायक्रोम आणि १८६५० असं इंटरनेटवर शोधलं की मुलांना परदेशातल्या घरगुती ई-सिगरेटचे व्हिडिओ सापडतात. तीच तार, तोच सेल, "बॅटरी बसते" हीच तक्रार. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे, त्या वाटेला जाऊच नका. पण मुलांनी तिथले आकडेही उचलू नयेत हे मला जास्त सांगायचंय. तिथे अर्ध्या ओहमपेक्षा लहान कॉइल एका सेलवर चालवतात, सेकंद-दोन सेकंदांसाठी, आणि त्यासाठी वीस अँपिअर झेपणारे खास सेल लागतात. लॅपटॉपमधला सेल चार-पाच अँपिअरच्या पुढे गेला की गुदमरतो. आपली तार लांब आहे, मिनिटभर सलग चालते. आपला हिशोब वेगळा.

माझ्या प्रत्येक धनुष्याच्या दांड्यावर आता मास्किंग टेप आहे. दुरुस्ती झाली, सगळं स्वच्छ चालतंय, त्या दिवशी त्यावर चार आकडे लिहिते: बंद असताना सेल, लोडवर सेल, लोडवर तार आणि तारेची लांबी. पहिल्या धनुष्यावर लिहिलंय ८.१, ७.२, ६.८, ३० सेंमी. पुढच्या वेळी "बाई, थंड पडली" आलं की मूल स्वतःच मीटर लावतं आणि मला टेपवरच्या आकड्यांशी ताडून सांगतं, "बाई, सेलवर सात पॉइंट दोनच आहे, तारेवर सहा झालाय." मग मला जागेवरून उठावंही लागत नाही. मी म्हणते, होल्डर बघ.